तीन वाजताची नाडी

माधुरीताई, बाईंच्या घरची मंडळी, दवाखान्यातले माझे सगळे सोबती, आणि मागं भिंतीला टेकून उभ्या असलेल्या पोरींनो,

मला आधी घोटभर पाणी पिऊ द्या.

हं. मी रोज वर्गात बोलते. तरी इथं येताना चार वाक्यं कागदावर लिहून आणली होती. तो कागद आता मी बाजूला ठेवते. त्यातलं सगळं माझ्या आधीच्या लोकांनी बोलून झालंय.

जे मला ओळखत नाहीत त्यांच्यासाठी सांगते. मी कांचन. मूळची पेडगावची. आज नर्सिंगच्या पोरींना शिकवते. त्याआधी बारा वर्षं सर्जिकल वॉर्डात काढली. आणि त्याच्याही आधी मी वत्सला गव्हाणे सिस्टरांची विद्यार्थिनी होते. त्या वॉर्डाच्या इन्चार्ज. वॉर्डही चालवायच्या आणि आम्हाला पेशंटच्या खाटेपाशी उभं करून शिकवायच्याही. आम्ही त्यांना बाई म्हणायचो. मागच्या मंगळवारी सकाळी बाई गेल्या.

आत्ता इथं कुणीतरी म्हणालं, बाई लय मायाळू होत्या. माधुरीताई, तुम्ही त्यांची लेक, तुमच्यासाठी असतील. आम्हाला त्यांची भीती वाटायची. कॉरिडॉरमध्ये त्यांच्या चपलेचा आवाज आला की आम्ही ॲप्रन ओढून सरळ करायचो. शोकसभेत खोटं कशाला बोलू?

आज मी एक गोष्ट सांगणार आहे. पोरींनो, ही तुम्ही माझ्याकडून वर्गात ऐकलेली आहे. पण अर्धी. ऑपरेशननंतर पोटातल्या पोटात रक्त जाणारा पेशंट कसा ओळखायचा, हे शिकवताना मी द्वारकाबाईंचं उदाहरण देते. त्या अर्ध्या गोष्टीत पेशंट आहे आणि बाई आहेत. उरलेल्या अर्ध्यात मी आहे. ती मी आजपर्यंत कुणाला सांगितली नाही. काल माधुरीताईंना सांगितली, आणि विचारलं, सभेत बोलू का? त्या म्हणाल्या, "बोला. आईला आवडलं असतं की नाही माहीत नाही, पण बोला."

तर ऐका.

मी दुसऱ्या वर्षाला होते. दुपारची ड्यूटी. बाईंनी मला तीन पेशंट नेमून दिले होते. त्यातल्या एक द्वारकाबाई. पालमकडच्या. मेंढरं राखणाऱ्या घरातल्या. वय असेल पस्तीस-छत्तीस. कळपातल्या एडक्यानं डाव्या कुशीत धडक मारली आणि आत प्लीहा फाटली. प्लीहा कुठं असते, पोरींनो? डाव्या बरगड्यांच्या आड. फाटली की रक्ताचा नळच सुटतो. सकाळीच ऑपरेशन झालं, प्लीहा काढून टाकली. पोटात एक ड्रेनची नळी ठेवली होती, आत रक्त साठलं तर बाहेर यावं म्हणून.

दर अर्ध्या तासाला नाडी, बीपी, श्वास, लघवीची पिशवी. सगळं बघायचं, लिहायचं. दोन वाजता मी मोजली. नाडी अठ्ठ्याऐंशी. अडीचला मोजली. शहाण्णव. दोन्ही वेळा पूर्ण मिनिटभर, घड्याळ लावून.

तीन वाजता मोजली नाही.

का मोजली नाही? माझ्या दुसऱ्या पेशंटला उलटी झाली, त्याची चादर बदलायची होती. त्याची बायको रडत होती. भेटायची वेळ सुरू झालेली, वॉर्डात ही गर्दी. मी द्वारकाबाईंच्या खाटेपाशी आले तेव्हा त्यांचे डोळे मिटलेले होते. मला वाटलं, झोपल्यात. कशाला उठवा? आणि मी कागदावर लिहिलं, तीन वाजता, नाडी शहाण्णव, बीपी एकशे दहा-सत्तर. वरच्या ओळीतलंच उतरवून काढलं. खाली सही केली.

किती वेळ लागला असेल? दहा सेकंद. नाडी मोजायला साठ लागले असते.

साडेतीनला त्या जाग्या होत्या. जाग्या म्हणजे, चुळबुळ करत होत्या. डोकं इकडून तिकडं. हातातली सलाईन ओढायच्या. अंगावरची चादर पायानं लोटून द्यायच्या.

"पानी द्या की वो सिस्टर," म्हणायच्या. "लय तहान लागलीय. जीव घाबरा व्हायलाय."

मी काय केलं? मी रागावले. म्हणाले, "मावशी, पाणी आत्ता देता येत नाही म्हणून किती वेळा सांगू? गप पडा ना. टाके तुटतील."

ते शब्द मला आजही जसेच्या तसे ऐकू येतात. टाके तुटतील.

त्यांचा नवरा मारोती खाटेच्या पायाशी उभा होता. घोंगडी खांद्यावर, हातात पाण्यानं भरलेला गिलास. तो पाजायला वाकला, आणि तेवढ्यात मागून बाईंचा आवाज आला.

"मारोती, गिलास खाली ठेवा."

"सिस्टर, घोटभर तरी. तळमळायलीय वो ती."

"दिसतंय मला. पन पोट पुन्हा उघडायची वेळ आली तर भूल देताना ते पानी उलटून तिच्या छातीत जाईल. ओठ ओले करा. कापूस देते. गिळू द्यायचं न्हाई."

पोट पुन्हा उघडायची वेळ? मी चमकले. बाईंनी अजून पेशंटला हातही लावला नव्हता. नुसतं खाटेच्या पायाशी उभं राहून बघितलं होतं.

मग त्यांनी द्वारकाबाईंच्या कपाळाला हाताची मागची बाजू लावली. मग पायाच्या बोटांना. मग मनगट धरलं आणि घड्याळाकडं बघत राहिल्या. पूर्ण मिनिट. वॉर्डात एवढा गोंधळ, पण त्या मिनिटात मला काही ऐकू आलं नाही. हात सोडला आणि मला म्हणाल्या, "तू मोज."

मी मोजली. एकशे बत्तीस. बोटांखाली दोऱ्यासारखी बारीक. हात गार. घामानं ओला.

बीपी घेतलं. एकशे चार-सत्तर.

मला हायसं वाटलं. बीपी तर ठीक आहे, मी म्हणाले.

बाईंनी माझ्याकडं बघितलं. "धडधाकट माणसाचं शरीर बीपी लवकर पडू देत न्हाई. हातापायाच्या रक्तवाहिन्या आवळून धरतं. हृदयाला पळवतं. जेवढं ओढून धरता येईल तेवढं धरतं आनि मग एकदम सोडतं. बीपी पडायची वाट बघत बसलीस तर बघतच बसशील. लघवी किती?"

पिशवीकडं बघितलं. दीड तासात वीस मिली. निदान तासाला तीस तरी यायला पाहिजे.

मग बाईंनी कागद उचलला. तीन वाजताच्या ओळीवर बोट ठेवलं.

"तीनला शहाण्णव?"

"हो बाई."

"मोजली होतीस?"

पोरींनो, तुम्ही माझ्याकडं अशा बघू नका. मी म्हणाले, "हो बाई, मोजली होती."

त्यांनी कागद परत जागेवर ठेवला. ड्यूटीवरच्या डॉक्टरांना बोलावलं. तरुण होते, नुकतेच लागलेले. सकाळपासून जेवले नसतील. ते माणूस म्हणून वाईट नव्हते, हे मला आवर्जून सांगायचंय. त्यांनी ड्रेनची बाटली बघितली. थोडंसंच रक्त. बीपी बघितलं. मग माझा कागद बघितला.

म्हणाले, "सिस्टर, अर्ध्या तासापूर्वी तर ही व्यवस्थित होती. ड्रेनमध्ये काही नाही. दुखत असेल, म्हणून तळमळतेय. दुखण्याचं आणि झोपेचं इंजेक्शन द्या. तासाभरानं परत बघू."

बाई म्हणाल्या, "डॉक्टर, ड्रेनची नळी गुठळीनं बंद पडू शकते. नाडी एकशे बत्तीस आहे. अंग गार आहे. लघवी होत नाही. झोपेचं इंजेक्शन दिलं तर ती शांत होईल, आणि आपल्याला वाटेल बरी झाली."

"पण तीनची नाडी शहाण्णव आहे ना? एवढ्यात कसं होईल?"

कळलं का, पोरींनो, काय चाललं होतं? खाटेवर एक बाई मरणाच्या दिशेनं निघाली होती, आणि तिच्यात आणि इलाजात माझ्या अक्षरातला एक आकडा आडवा उभा होता. डॉक्टर त्या आकड्यावर विश्वास ठेवत होते. का ठेवू नये? तो लिहिलेला होता. त्याखाली सही होती.

मला पेडगावचं घर दिसलं. माझा बाप दिसला, जो पूर्ण गावाला सांगत फिरायचा, आमची कांचन सिस्टर व्हायलीय. बोलले तर नर्सिंगच्या शाळेतून काढतील. नाही बोलले तर?

मी बाईंकडं बघितलं. त्या माझ्याकडं बघत नव्हत्या. त्या द्वारकाबाईंच्या दुसऱ्या हातात सलाईनची मोठी सुई लावत होत्या. डॉक्टरांचा निर्णय व्हायच्या आत त्यांची तयारी सुरू झालेली होती.

"सर," मी म्हणाले.

कुणी ऐकलं नाही. मी एक पाऊल पुढं सरकले.

"सर, तीनची नाडी मी मोजलेली नाही."

डॉक्टर वळले. "काय?"

"मोजली नाही सर. वरची बघून लिहिली. अडीचपासून साडेतीनपर्यंत कुणीच मोजलेली नाही."

तो एक क्षण. मारोती माझ्याकडं बघत होता. त्याला नाडी-बीपीतलं काही कळत नसेल, पण मी काय कबूल केलं ते त्याला बरोबर कळलं. पोरींनो, नातेवाइकांची नजर काय असते ते तुम्हाला अजून माहीत नाही. मला त्या दिवशी कळलं.

डॉक्टरांनी स्वतः मनगट धरलं. एकशे चाळीस. आणि बीपी आता नव्वद.

बाई मला म्हणाल्या, "पळ. थिएटरच्या दारात जा. सकाळी ऑपरेशन केलेले मोठे सर आत हायेत. रडायचं न्हाई, माफी मागायची न्हाई, पाल्हाळ लावायचं न्हाई. पेशंट कोन, काय झालेलं, आत्ता आकडे काय, आनि आपल्याला काय पायजे. एवढंच बोल."

मी पळाले. कॉरिडॉरमधून पळायचं नसतं, त्यांनीच शिकवलेलं. त्या दिवशी त्यांनीच पळवलं.

थिएटरच्या दाराच्या काचेतून सर दिसत होते, हर्नियाच्या ऑपरेशनवर. मी दार ढकलून बाहेरूनच ओरडले.

"सर, सकाळच्या प्लीहेच्या पेशंट, द्वारकाबाई!"

"दहा मिनिटं," ते मान वर न करता म्हणाले. "शेवटचे टाके चाललेत."

माझ्या जागी दुसरी कुणी असती तर थांबली असती. मीही थांबले असते. पण माझ्यामुळं आधीच अर्धा तास गेला होता.

"सर, दहा मिनिटं नाहीत. पल्स एकशे चाळीस, बीपी नव्वद आणि पडतंय, अंग गार, दीड तासात लघवी वीस मिली. ड्रेन बंद वाटतोय. गव्हाणे बाई म्हणाल्या, आत्ता थिएटर पाहिजे."

सरांनी मान वर केली. मला वाटतं ते शेवटचं नाव ऐकून वर केली. म्हणाले, "घेऊन या. रक्त किती आहे?"

रक्ताची एकच पिशवी जुळवून ठेवलेली होती. बाईंनी तोवर ती मागवली होती, आणखी दोन पिशव्यांसाठी नमुना पाठवला होता, ऑक्सिजन लावला होता, खाटेचा पायाकडचा भाग उचलून ठेवला होता, अंगावर कांबळं घातलं होतं. आणि हे सगळं करताना त्या द्वारकाबाईंशी बोलत होत्या. तेवढं आठवतं मला. "माय, आता आपन आत जायलाव. मी तुमच्यासंगं हाय. डोळे उघडे ठेवा. नाव सांगा बरं मला तुमच्या लेकीचं."

"रुख्मिन," द्वारकाबाई म्हणाल्या. मग परत, "पानी."

स्ट्रेचर ढकलताना मी एका बाजूला होते आणि मारोती दुसऱ्या. दार बंद झालं.

मग आम्ही बाहेर. तो भिंतीला टेकून उकिडवा बसला. मी उभी. बाई आत गेलेल्या. पाऊण तास. त्या पाऊण तासात मी काय काय कबूल केलं देवाजवळ, ते इथं सांगत नाही.

मध्येच त्यानं विचारलं, "सिस्टर, ते तुमी मोजलं न्हाई म्हून असं झालं का?"

रक्त माझ्यामुळं जात नव्हतं. आत रक्तवाहिनीला बांधलेला दोरा सुटला होता. पण ते जात होतं हे अर्धा तास आधी कळलं असतं. मी म्हणाले, "दादा, मी मोजलं असतं तर लवकर कळलं असतं."

त्यानं मान हलवली. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

बाई बाहेर आल्या. मास्क खाली केला. आधी मारोतीपाशी गेल्या, त्याच्यासमोर खाली बसल्या, जमिनीवर. म्हणाल्या, "बांधलं. रक्त थांबलंय. अजून धोका हाय, रातभर लक्ष ठेवावं लागंल. पन थांबलंय."

मग तो रडला. मोठ्यानं. घोंगडीत तोंड खुपसून.

मला वाटलं आता बाई मला काहीतरी बोलतील. त्या मला टेबलापाशी घेऊन गेल्या, तो कागद समोर ठेवला आणि पेन दिलं.

"खाडाखोड करायची न्हाई. गिरगटायचं न्हाई. एक रेघ मार. खालचं वाचता आलं पायजे. शेजारी लिही, मोजलेली नाही. वेळ टाक, सही कर."

मी रेघ मारली. रेघ वाकडी आली. त्यांनी त्या दिवशीच वर रिपोर्ट दिला. माझं नाव घालून दिला. मला महिनाभर वॉर्डातून काढलं, घरी पत्र गेलं. आणि त्याच रिपोर्टात खाली त्यांनी स्वतःबद्दलही लिहिलं, की ऑपरेशन झालेला ताजा पेशंट आणि आणखी दोन पेशंट दुसऱ्या वर्षाच्या मुलीकडं मी दिले होते, देखरेख माझी होती. त्यांना त्याचा जाब द्यावा लागला. हे मला फार वर्षांनी दुसऱ्याच कुणाकडून कळलं. त्यांनी कधी सांगितलं नाही.

"जाऊ दे, होतं असं" असंही त्या मला कधी म्हणाल्या नाहीत. पंधरा वर्षांत एकदाही नाही. मी वाट बघायचे. लग्नात आल्या, बाळंतपणात डबा घेऊन आल्या, मी शिकवायला लागले तेव्हा पेढा खाल्ला. पण तेवढं वाक्य नाही म्हणाल्या. आधी मला राग यायचा. आता वाटतं, ते म्हणायचा अधिकार त्यांचा नव्हताच. तो द्वारकाबाईंचा होता.

द्वारकाबाई बाराव्या दिवशी चालत घरी गेल्या. जायच्या दिवशी बाईंनी मारोतीला समोर बसवलं. "प्लीहा काढलीय. ती आता रोगाशी लढायला न्हाई. लस दिलीय, पन अंगात ताप भरला, थंडी वाजली, तर घरी काढा पीत बसायचं न्हाई. त्याच दिवशी दवाखाना."

तो म्हणाला, "सिस्टर, आमी मेंढरामागं हिंडायलाव. आज पालमला तर उद्या जिंतूरकडं. कुठला दवाखाना सांगू तुमाला?"

"जवळ असंल तो. हा कागद दाखवायचा." आणि त्यांनी जाड कागदावर मोठ्या अक्षरात लिहून दिलं, प्लीहा काढलेली आहे, ताप असल्यास तातडीनं उपचार. खाली वॉर्डाचा फोन नंबर. प्लास्टिकमध्ये घालून शिवून दिलं. द्वारकाबाईंच्या गळ्यातल्या काळ्या दोऱ्यात अडकवायला लावलं. त्यानंतरच्या वर्षी एका सरकारी दवाखान्यातून बाईंना फोन आला होता. ताप आलेली एक बाई आलीय, गळ्यात तुमच्या हातचा कागद आहे. वेळेत आलीय. बरी होईल. त्या दिवशी वॉर्डात बाईंनी सगळ्यांना चहा पाजला. कशाबद्दल, ते फोन उचलून देणाऱ्या मलाच माहीत होतं.

शेवटचं सांगते आणि थांबते.

बाई जायच्या आधीच्या आठवड्यात मी त्यांना घरी भेटायला गेले. उशीला टेकून बसल्या होत्या. बोलताना धाप लागत होती. मी औषधांचं विचारायला लागले तर म्हणाल्या, "ते माधुरी बघतीय. तू तुझं सांग. यंदा पोरी किती हायेत?"

"तीस."

"भिनाऱ्या किती?"

"सगळ्याच, बाई."

"बरं हाय," म्हणाल्या. "पुढं जिची भीती मोडंल तिच्याजवळ उभी राहा, चूक तीच करंल. बाकीच्या शिकतील."

पोरींनो, तुमच्यातली जिची भीती मोडेल, तिच्याजवळ मी उभी राहीन. आणि आज मी जे सांगितलं त्यानंतर तुम्ही माझ्याकडं वेगळ्या नजरेनं बघितलं तरी मला चालेल. उद्या वर्गात विचारा काय विचारायचं ते.

आता साडेपाच झालेत. ज्यांची सहाची ड्यूटी आहे, त्यांनी आत्ता निघा. हो, आत्ताच. बाईंचा अपमान होत नाही. पेशंट वाट बघायलेत. चपला हातात घेऊन हळू निघा.

बाकीचे आपण उभे राहू. दोन मिनिटं. कुणी काही बोलू नका.

बाई, नमस्कार करते.